क्षमतानिहाय गटविभागणी

क्षमतानिहाय गटविभागणी म्हणजे विद्यार्थ्यांची बौद्धिक क्षमता, पूर्वीची संपादणूक किंवा एखाद्या विषयातील तयारी पाहून अध्यापनासाठी त्यांचे वेगवेगळे गट, तुकड्या किंवा शाळा करण्याची पद्धत होय. प्रज्ञावान मुलांच्या शैक्षणिक गरजा भागवण्याचा एक मार्ग म्हणून, तसेच मागे पडलेल्या मुलांना त्यांच्या पातळीवरून शिकवण्याचे साधन म्हणून ही पद्धत वापरली जाते. महाराष्ट्रात गुणांनुसार पाडलेल्या 'अ', 'ब', 'क' तुकड्या, शिष्यवृत्ती परीक्षेचे जादा तास, शासकीय विद्यानिकेतने, जवाहर नवोदय विद्यालये आणि पुण्यातील ज्ञान प्रबोधिनी प्रशाला ही तिची परिचित रूपे आहेत. विभागणीमुळे अध्ययनात फरक पडतो की विभागणीनंतर बदललेल्या अध्यापनामुळे, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

संज्ञा

'प्रज्ञावान', 'प्रज्ञावंत', 'प्रतिभावान' आणि 'असामान्य बुद्धीची मुले' या संज्ञा मराठीत बहुधा समानार्थी वापरल्या जातात. शिक्षणशास्त्रात मात्र त्यांच्या व्याख्या वेगवेगळ्या आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बुद्धिगुणांक हाच निकष मानला जाई. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या त्रिवलय सिद्धांतानुसार सरासरीहून अधिक क्षमता, सर्जनशीलता आणि हाती घेतलेल्या कामातील चिकाटी या तिन्ही गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे प्रज्ञेचा आविष्कार होतो. हॉवर्ड गार्डनर यांच्या बहुविध बुद्धिमत्ता सिद्धांतामुळे (१९८३) भाषा आणि गणित यांच्यापलीकडील क्षमतांकडेही शाळांचे लक्ष वेधले गेले.

वर्गात पहिला येणारा विद्यार्थी आणि प्रज्ञावान विद्यार्थी एकच असेल असे नाही. वेगाने समजणाऱ्या मुलाला तोच भाग पुन्हा पुन्हा करावा लागला, तर ते कंटाळते, गृहपाठ टाळते किंवा खोड्या काढू लागते, आणि शिक्षकाच्या नोंदीत ते हुशार म्हणून नव्हे, तर खोडकर म्हणून येते. वाचन-अक्षमतेसारखी अडचण आणि उच्च बौद्धिक क्षमता एकाच मुलात असू शकतात. अशा वेळी एक बाब दुसरीला झाकून टाकते.

पार्श्वभूमी

आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये तयार केलेली चाचणी ही आधुनिक बुद्धिमापनाची सुरुवात मानली जाते. शाळेत जादा मदतीची गरज असलेली मुले ओळखणे हा तिचा मूळ हेतू होता. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९१६ मध्ये तिची स्टॅनफर्ड-बिने ही सुधारित आवृत्ती काढली आणि १९२१ पासून दीड हजारांहून अधिक प्रज्ञावान मुलांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. मदतीसाठी बनलेले साधन अशा रीतीने निवडीचे साधन झाले.

मराठी आणि कानडी मुलांसाठी बिने चाचणीचे रूपांतर डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी केले. मुंबई-कर्नाटक आवृत्ती म्हणून ते ओळखले जाते. भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. 'बिने-कामत चाचणी' या नावाने ही चाचणी पुढे भारतभर वापरात आली. तिचा उपयोग मुख्यतः बौद्धिक अक्षमतेचे निदान करण्यासाठी झाला.

प्रकार

वर्गावर्गांतील विभागणी: एकाच इयत्तेतील विद्यार्थ्यांना एकूण गुणांनुसार वेगवेगळ्या तुकड्यांत बसवले जाते. सर्व विषयांसाठी तुकडी एकच असते.

विषयवार विभागणी: विद्यार्थी एरवी मिश्र वर्गात असतात, पण गणित किंवा भाषा यांसारख्या एखाद्या विषयाच्या तासाला त्या विषयातील तयारीनुसार वेगळे बसतात.

वर्गांतर्गत गट: एकाच वर्गात, एकाच शिक्षकाकडे लहान गट केले जातात. हे गट विषय व घटक यांनुसार बदलता येतात.

आंतरवर्गीय गट: वेगवेगळ्या इयत्तांतील विद्यार्थी वयाऐवजी पातळीनुसार एकत्र शिकतात.

गतिवर्धन: विद्यार्थ्याला एखादी इयत्ता ओलांडून पुढे पाठवले जाते किंवा एका विषयापुरते वरच्या वर्गात बसू दिले जाते.

समृद्धीकरण: विद्यार्थी आपल्याच वर्गात राहतो, मात्र त्याला प्रकल्प, वाचन, प्रयोग, क्षेत्रभेटी यांद्वारे अभ्यासक्रमापेक्षा खोल व विस्तृत अनुभव दिले जातात.

स्वतंत्र शाळा: चाचणीद्वारे निवडलेल्या विद्यार्थ्यांसाठीच शाळा चालवली जाते.

महाराष्ट्रातील वाटचाल

तुकडी पद्धत

मोठ्या माध्यमिक शाळांमध्ये वार्षिक परीक्षेच्या गुणांनुसार तुकड्या पाडण्याची प्रथा दीर्घकाळ चालत आली. अनेक शाळांत 'अ' तुकडी ही हुशार मुलांची आणि शेवटची तुकडी ही 'ढ' मुलांची असा समज रूढ झाला. विज्ञान व गणित इंग्रजीतून आणि उरलेले विषय मराठीतून शिकवणाऱ्या सेमी-इंग्रजी तुकड्यांना अनेक ठिकाणी गुणांच्या आधारे प्रवेश दिला जाऊ लागला, तेव्हा माध्यमाची निवड हीच क्षमतेची विभागणी ठरली. या पद्धतीत पाठ्यपुस्तक, अभ्यासक्रम आणि परीक्षा सर्व तुकड्यांना सारख्याच असतात. त्यामुळे वरच्या तुकडीतील मुलाला वेगळे काही शिकायला मिळतेच असे नाही. बहुधा तोच भाग लवकर संपतो आणि उरलेला वेळ सरावात जातो.

शिष्यवृत्ती परीक्षा

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे ही संस्था घेत असलेली शिष्यवृत्ती परीक्षा अनेक दशके चौथी आणि सातवीच्या वर्गांसाठी होती. २०१६-१७ पासून ती पाचवी व आठवीसाठी घेतली जाऊ लागली. त्या स्वरूपात प्रत्येकी १५० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात. पहिलीत प्रथम भाषा व गणित, तर दुसरीत तृतीय भाषा व बुद्धिमत्ता चाचणी हे विषय असतात. या परीक्षेने ग्रामीण महाराष्ट्रात प्रज्ञाशोधाची एक लोकमान्य परंपरा निर्माण केली. शिक्षकांनी शाळा सुटल्यावर किंवा सकाळी लवकर घेतलेला 'स्कॉलरशिपचा वर्ग' हा अनेक जिल्हा परिषद शाळांत क्षमतानिहाय गटाचा एकमेव प्रकार होता. मालिका पूर्ण करणे, सांकेतिक भाषा, आकृत्यांचे प्रतिबिंब असे प्रश्न पाठ्यपुस्तकात नसल्याने हा वर्ग एका अर्थी समृद्धीकरणाचे काम करी. परीक्षेभोवती खासगी शिकवण्या आणि सराव प्रश्नसंचांचा व्यवसाय वाढल्यावर मात्र ती क्षमता मोजते की तयारी, अशी शंका घेतली जाऊ लागली.

शासनाची राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती योजना (२००८) आठवीतील परीक्षेवर आधारित असून उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्या विद्यार्थ्यांपुरती आहे. मुंबईतील विज्ञान शिक्षकांच्या संघटनेतर्फे सहावी व नववीच्या विद्यार्थ्यांसाठी घेतल्या जाणाऱ्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक आणि कृतिप्रकल्पालाही स्थान आहे.

ज्ञान प्रबोधिनी

डॉ. वि. वि. उर्फ आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली. आरंभीची काही वर्षे शहरातील विविध शाळांतून निवडलेल्या विद्यार्थ्यांना शाळेच्या वेळेबाहेर पूरक शिक्षण दिले जाई. मुले आपापल्या शाळेतच राहत. १९६९ मध्ये प्रज्ञावंत विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र प्रशाला सुरू झाली. प्रवेश मानसशास्त्रीय चाचण्यांद्वारे दिला जातो. संस्थेच्या प्रज्ञा मानस संशोधिकेने जे. पी. गिलफर्ड यांच्या बुद्धिरचना प्रतिमानाच्या आधारे भारतीय विद्यार्थ्यांसाठी चाचण्या व प्रशिक्षण कार्यक्रम विकसित केले.

बुद्धीला सामाजिक बांधिलकीची जोड द्यावी आणि प्रज्ञावंतांतून समाजाच्या विविध क्षेत्रांसाठी नेतृत्व घडवावे, ही प्रबोधिनीची भूमिका आहे. त्यामुळे प्रकल्प, अभ्यासदौरे, ग्रामीण भागातील काम आणि क्रीडा यांना शालेय विषयांइतकेच स्थान दिले जाते. निगडी, सोलापूर आणि धाराशिव जिल्ह्यातील हराळी येथेही संस्थेचे शैक्षणिक काम चालते. येथील सर्व शाळा निवडीवर आधारित नाहीत.

मुंबई महापालिका शाळांतील प्रयोग

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने (स्थापना १९७४) मुंबई महापालिकेच्या शाळांतील वंचित समाजगटांच्या विद्यार्थ्यांसाठी प्रज्ञाशोध व संवर्धनाचा प्रकल्प राबवला. व. गो. कुलकर्णी आणि सु. चुं. आगरकर यांनी त्याचा अहवाल १९८५ मध्ये मांडला. या विद्यार्थ्यांच्या विज्ञानातील अडचणीचे एक मोठे कारण आकलनशक्तीचा अभाव हे नसून पाठ्यपुस्तकाची भाषा हे आहे, असे या कामातून पुढे आले. भाषिक अडथळा दूर करून नियमित मार्गदर्शन मिळाल्यावर मुलांची संपादणूक सुधारली. प्रज्ञा केवळ शोधायची नसते, तर आधी तिच्यावरचे आवरण काढावे लागते, हा या प्रकल्पाचा महत्त्वाचा निष्कर्ष मानला जातो.

सातारा व सांगली जिल्हे

या दोन जिल्ह्यांत निवडीवर आधारित आणि मिश्र, अशा दोन्ही परंपरा शेजारी शेजारी नांदल्या आहेत.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये सातारा येथे वसतिगृह सुरू केले. सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणे आणि श्रमाच्या मोबदल्यात शिक्षण देणे हे त्याचे वैशिष्ट्य होते. खेड्यातील मुले मागे राहतात ती बुद्धी नसते म्हणून नव्हे, तर संधी नसते म्हणून, हे गृहीतक या कार्याच्या मुळाशी होते.

सातारा येथील सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी सुरू झाली. देशातील ती पहिली सैनिक शाळा होय. तेथे प्रवेशपरीक्षा असली, तरी मुख्य उद्देश राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी विद्यार्थी घडवणे हा आहे. ग्रामीण भागातील हुशार मुलांसाठी राज्य शासनाने १९६० च्या दशकात निवासी विद्यानिकेतने काढली. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील पुसेगाव, धुळे आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील विद्यानिकेतने त्यांपैकी होत. चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेतील यशावर पाचवीत प्रवेश मिळे आणि शिक्षण, निवास व भोजनाची सोय शासनाकडून होई.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, १९८६ अन्वये जिल्हावार नवोदय विद्यालये निघाली. देशातील पहिल्या दोन नवोदय विद्यालयांपैकी एक अमरावतीचे होते. सांगली जिल्ह्याचे नवोदय विद्यालय पलूस येथे, तर सातारा जिल्ह्याचे खावली येथे आहे. सहावीच्या प्रवेशासाठी मानसिक क्षमता, अंकगणित आणि भाषा या विषयांची निवड चाचणी होते. प्रत्येक विद्यालयात साधारणतः ८० विद्यार्थी घेतले जातात. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी आणि किमान एक तृतीयांश जागा मुलींसाठी असतात.

या निकषाचा परिणाम कुपवाडसारख्या औद्योगिक वस्तीत दिसतो. मिरज तालुक्यातील कुपवाडचा १९९८ मध्ये सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेत समावेश झाला. त्यामुळे तेथील शाळांत शिकणारी मुले नवोदयच्या निवडीत शहरी विद्यार्थी ठरतात. ग्रामीण कोट्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवीचे शिक्षण पूर्णपणे ग्रामीण भागातील मान्यताप्राप्त शाळेत झालेले असावे लागते. जत किंवा कवठेमहांकाळ तालुक्यातून औद्योगिक वसाहतीत कामासाठी आलेल्या कुटुंबातील मूल या तीन वर्षांपैकी काही काळ कुपवाडच्या शाळेत शिकले, तर त्याचा ग्रामीण कोट्यावरील हक्क जातो. मग सांगली-मिरजेतील खासगी शिकवणीची सोय असलेल्या मुलांबरोबर उरलेल्या जागांसाठी त्याला स्पर्धा करावी लागते. 'ग्रामीण' व 'शहरी' हे भेद वंचिततेचे ढोबळ मापक असल्याचे हे एक उदाहरण होय.

याउलट सातारा तालुक्यातील कुमठे बीटमधील जिल्हा परिषद शाळांनी विभागणी न करता वेग वेगळा ठेवण्याचा मार्ग निवडला. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे ज्ञानरचनावादावर आधारित अध्यापन सुरू झाले. फरशीवर आखलेली अध्ययन-सामग्री, गटकार्य आणि स्वतःच्या गतीने पुढे जाण्याची मुभा यांमुळे एकाच वर्गातील मुले वेगवेगळ्या टप्प्यांवर काम करू लागली. राज्यभरातील शिक्षकांनी या शाळांना भेटी दिल्या. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने सुरू झालेल्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमावर या प्रयोगाचा प्रभाव होता.

संशोधन

अमेरिकेत या विषयावर शंभर वर्षांहून अधिक काळ संशोधन झाले आहे. रॉबर्ट स्लाव्हिन यांच्या आढाव्यांत (१९८७, १९९०) केवळ तुकड्या वेगळ्या केल्याने सरासरी संपादणुकीवर जवळजवळ परिणाम होत नसल्याचे आढळले. जेम्स व चेन-लिन कुलिक यांच्या विश्लेषणांत, विभागणीबरोबर अभ्यासक्रमही बदलला तर प्रज्ञावान विद्यार्थ्यांना स्पष्ट लाभ होतो, असे दिसून आले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टीनबर्गन-हू, मेकेल आणि ओल्शेव्स्की-क्युबिलियस यांच्या एकत्रित विश्लेषणानेही साधारण हेच चित्र दाखवले. त्यानुसार वर्गांतर्गत गट, विषयापुरते आंतरवर्गीय गट, प्रज्ञावानांसाठीचे खास कार्यक्रम आणि गतिवर्धन यांचा लाभ होतो. संपूर्ण तुकड्या वेगळ्या करण्याचा मात्र होत नाही.

भारतातील एक महत्त्वाचा पुरावा 'प्रथम' संस्थेच्या बालसखी कार्यक्रमातून मिळाला. मुंबई आणि वडोदरा येथील पालिका शाळांत मागे पडलेल्या मुलांना दिवसातील काही वेळ वर्गाबाहेर नेऊन स्थानिक तरुणी त्यांच्या पातळीवरून शिकवत. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडेन यांच्या २००७ मधील अभ्यासानुसार बालसखीकडे गेलेल्या मुलांची लक्षणीय प्रगती झाली. मूळ वर्गात उरलेल्या, तुलनेने पुढे असलेल्या मुलांना मात्र वर्ग लहान व अधिक एकसारखा होऊनही वेगळा लाभ झाला नाही. त्यांच्यासाठी अध्यापन बदललेले नव्हते. डुफ्लो, पास्कलिन द्युपा आणि मायकेल क्रेमर यांच्या केनियातील प्रयोगात (२०११) पहिलीच्या वर्गाचे पूर्वगुणांनुसार दोन भाग केल्यावर वरच्या व खालच्या दोन्ही गटांची संपादणूक वाढली. शिक्षकाला आपले अध्यापन गटाच्या पातळीशी जुळवता आले, हे कारण संशोधकांनी दिले.

टीका व प्रतिवाद

क्षमतानिहाय विभागणीवर पुढील आक्षेप घेतले जातात:

विभागणी क्षमतेची म्हटली, तरी ती प्रत्यक्षात घरातील पुस्तके, पालकांचे शिक्षण आणि शिकवणी यांची असते. जेनी ओक्स यांनी १९८५ मध्ये अमेरिकेतील शाळांच्या अभ्यासातून, खालच्या तुकड्यांत गरीब व अल्पसंख्याक मुले अधिक असतात आणि त्यांना दुय्यम दर्जाचे अध्यापन मिळते, असे दाखवून दिले.

शिक्षकाची अपेक्षा मुलाच्या प्रगतीवर परिणाम करते. 'क' तुकडीचा शिक्का मुलाच्या आणि शिक्षकाच्याही मनात बसतो.

एकदा ठरलेली तुकडी सहसा बदलत नाही. दहाव्या वर्षी झालेल्या एका परीक्षेवर पुढील सहा वर्षे ठरतात.

निवडलेल्या मुलांनाही किंमत मोजावी लागते. हर्बर्ट मार्श यांच्या संशोधनानुसार सर्वच जण हुशार असलेल्या शाळेत मुलाची स्वतःच्या क्षमतेविषयीची कल्पना खाली येऊ शकते. गावच्या शाळेत पहिले येणारे मूल निवासी शाळेत गेल्यावर मधल्या क्रमांकावर येते, तेव्हा हा अनुभव तीव्र होतो.

समर्थकांच्या मते मिश्र वर्ग हा आपोआप न्याय्य ठरत नाही. शिक्षक साधारण मुलाला धरून शिकवतो, तेव्हा दोन्ही टोकांची मुले दुर्लक्षित राहतात. सधन कुटुंब आपल्या मुलाची भूक वर्ग, शिबिरे आणि ग्रंथसंग्रह यांतून भागवते. गरीब कुटुंबातील प्रज्ञावान मुलाला मात्र शाळेखेरीज दुसरा आधार नसतो. त्यामुळे अशा मुलांसाठी शासकीय शाळांत खास सोय नसणे हेच विषमता वाढवते, असा हा युक्तिवाद आहे.

वर्गातील उपाय

स्वतंत्र तुकडी किंवा शाळा नसतानाही काही उपाय करता येतात. घटक सुरू करण्यापूर्वी छोटी चाचणी घेऊन ज्यांना तो येतो त्यांना सरावातून सूट देणे, त्याच संकल्पनेवरील अधिक खोल प्रश्न देणे, गणितासारख्या एका विषयापुरते वरच्या इयत्तेत बसू देणे आणि स्वतंत्र प्रकल्पाला वेळ देणे हे त्यांपैकी प्रमुख होत. जादा काम म्हणून त्याच प्रकारची आणखी वीस उदाहरणे देणे हे समृद्धीकरण नव्हे. त्यातून मूल आपला वेग लपवायला शिकते. प्रत्येक वेळी हुशार मुलाला मागे पडलेल्या मुलाचा शिक्षक बनवणे हाही पुरेसा उपाय मानला जात नाही. दोन शिक्षकी जिल्हा परिषद शाळेतील बहुवर्ग अध्यापनात दुसरीतील मूल शेजारच्या रांगेतील चौथीचा पाठ ऐकते. उणीव मानली जाणारी ही परिस्थिती नियोजनपूर्वक वापरल्यास आंतरवर्गीय गटाचे काम करू शकते.

कायदा व धोरण

कोठारी आयोगाने (१९६४-६६), ज्याचे सदस्य-सचिव कोल्हापूर जिल्ह्यातील शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक होते, समान शाळा पद्धतीचा पुरस्कार केला. त्याचबरोबर प्रज्ञाशोध सर्व स्तरांवर सातत्याने व्हावा, असेही म्हटले. राष्ट्रीय पातळीवरील प्रज्ञाशोध योजना १९६३ मध्ये विज्ञानापुरती सुरू झाली आणि १९७० च्या दशकात इतर विषयांना खुली झाली.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १३ नुसार शाळाप्रवेशासाठी बालकाची चाळणी परीक्षा घेण्यास मनाई आहे. नवोदय विद्यालये व सैनिक शाळा कायद्यातील 'विनिर्दिष्ट प्रवर्गात' मोडतात आणि त्यांच्या निवड चाचण्या चालू राहिल्या आहेत. प्रवेशानंतर शाळेत तुकड्या कशा पाडाव्यात याविषयी हे कलम काही सांगत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये विशेष प्रतिभा असलेल्या विद्यार्थ्यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. शिक्षकांनी अशा विद्यार्थ्यांना पूरक साहित्य व मार्गदर्शन द्यावे, विषयकेंद्री व प्रकल्पाधारित मंडळे शाळा ते राष्ट्रीय स्तरावर असावीत आणि बी.एड. अभ्यासक्रमात प्रज्ञावान मुलांच्या शिक्षणाचे विशेषीकरण ठेवता यावे, अशा शिफारशी त्यात आहेत. त्यांचा भर वेगळ्या शाळांपेक्षा समृद्धीकरणावर आहे.

हे सुद्धा पहा

ज्ञान प्रबोधिनी
जवाहर नवोदय विद्यालय
रयत शिक्षण संस्था
होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र
बुद्धिगुणांक
ज्ञानरचनावाद
कुपवाड